‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ : हैतीच्या क्रांतीचे आकलन आणि त्याच्या मर्यादा

प्रास्ताविक

अटलांटिक महासागराच्या दोन्ही किनाऱ्यांवर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या क्रांत्या झाल्या, त्यांपैकी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध आणि फ्रेंच राज्यक्रांती यांचा आपण विस्ताराने अभ्यास करतो. हैतीची क्रांती मात्र बहुधा एखाद्या परिच्छेदात आटोपते. ही उपेक्षा केवळ आपली नाही. लोकशाही क्रांतींच्या युगावरील आर. आर. पामर यांच्या दोन खंडांच्या (१९५९, १९६४) ख्यातनाम ग्रंथातही हैतीला नगण्य स्थान आहे. या पार्श्वभूमीवर त्रिनिदादचे विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांनी १९३८ मध्ये लिहिलेल्या ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’ या ग्रंथाचे सामर्थ्य व मर्यादा तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ग्रंथाचे प्रतिपादन

सेंट डोमिंग ही फ्रान्सची सर्वाधिक संपन्न वसाहत होती. १७८९ च्या सुमारास तेथे जवळपास पाच लाख गुलाम होते. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेकडील मैदानी प्रदेशातील गुलामांनी उठाव केला. साखरेच्या प्रचंड मळ्यांवर शेकडोंच्या संख्येने एकत्र राबणारे हे गुलाम तत्कालीन कोणत्याही श्रमिकांपेक्षा आधुनिक कामगारवर्गाला अधिक जवळचे होते, असे जेम्स यांचे मूलगामी प्रतिपादन आहे. फ्रेंच कन्व्हेन्शनने ४ फेब्रुवारी १७९४ रोजी गुलामगिरी रद्द केली. परंतु त्यापूर्वीच, १७९३ मध्ये, उठावाच्या रेट्यामुळे वसाहतीतील फ्रेंच कमिशनर सोंतोनाक्स याला मुक्तीची घोषणा करावी लागली होती. म्हणजेच मानवी हक्कांचे तत्त्व पॅरिसने घोषित केले. ते सर्व मानवांना लागू आहे, हे मात्र गुलामांनी सिद्ध केले.

महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्याच्या कार्यासाठी तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला, हे सर्वज्ञात आहे. त्या अर्पणपत्रिकेत मुक्तीसाठी झटणाऱ्यांविषयी कृतज्ञता आहे. जेम्स यांच्या ग्रंथात स्वतःची मुक्ती स्वतः मिळविणारे गुलाम केंद्रस्थानी येतात.

मर्यादा

तथापि, ग्रंथाचे शीर्षकच त्याची मर्यादा सूचित करते. काळ्या क्रांतिकारकांना ‘जॅकोबिन’ म्हणणे म्हणजे त्यांचे मोजमाप पॅरिसच्या मापाने करणे होय. येथील बहुसंख्य गुलामांचा जन्म आफ्रिकेत झालेला होता. कांगोच्या राज्यातील यादवी युद्धांत लढलेले अनेक जण त्यांत होते आणि त्यांच्याजवळ राजसत्तेविषयी स्वतःच्या कल्पना होत्या, हे जॉन थॉर्नटन यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. जेम्स यांच्या मांडणीत या वैचारिक वारशाला फारसा वाव नाही. तूसाँ लूव्हेर्त्युर या एका नायकाभोवतीच कथन फिरत राहते.

असे असले तरी, नायकावरील हे प्रेम जेम्स यांना आंधळे करीत नाही, हे मोईझच्या प्रकरणावरून दिसते. तूसाँने १८०० मध्ये मुक्त झालेल्या शेतमजुरांना लष्करी शिस्तीने पुन्हा मळ्यांशी बांधले. वसाहतीची आर्थिक घडी टिकविण्याचा दुसरा मार्ग त्याला दिसत नव्हता. मजुरांना मात्र स्वतःची जमीन हवी होती. ऑक्टोबर १८०१ मध्ये उत्तरेत बंड झाले आणि तूसाँचा आप्त व सेनानी असलेल्या मोईझला त्याबद्दल मृत्युदंड देण्यात आला. काही महिन्यांतच लक्लेर्कचे सैन्य बेटावर उतरले, तेव्हा तूसाँपासून त्याचेच लोक दुरावलेले होते. जेम्स हा दोष परखडपणे नोंदवितात. मात्र लोकांना विश्वासात न घेणे, हाच तूसाँचा मुख्य अपराध ते मानतात. वस्तुतः प्रश्न केवळ संवादाचा नव्हता. स्वातंत्र्याच्या दोन भिन्न अर्थांचा होता. तूसाँच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे गुलामगिरीचा अंत, तर मजुराच्या लेखी मळ्याचाच अंत. कॅरोलिन फिक यांच्या १९९० च्या ग्रंथाने तळातील जनतेची ही बाजू सविस्तर मांडली.

पुनर्विचार

स्वतःच्या ग्रंथाची चिकित्सा जेम्स यांनीही केली. १९६३ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी तूसाँच्या शोकांतिकेविषयी काही परिच्छेद जोडले. डेव्हिड स्कॉट यांनी २००४ मध्ये याच परिच्छेदांच्या आधारे, वसाहतोत्तर काळाला विजयगाथेपेक्षा शोकांतिका अधिक उपकारक ठरेल, अशी मांडणी केली. १९७१ मधील व्याख्यानांत तर, आज हा ग्रंथ लिहिताना आपण सामान्य, अनामिक गुलामांना अधिक स्थान दिले असते, अशी कबुली जेम्स यांनी दिली.

समारोप

तूसाँ १८०३ मध्ये फ्रान्समधील तुरुंगात मरण पावला. १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेच्या मोबदल्यात १५ कोटी फ्रँकची भरपाई या देशावर लादली; पुढे १८३८ मध्ये ती ९ कोटींवर आणली गेली. मालमत्ता गमावल्याची ही भरपाई मळेवाल्यांसाठी होती आणि त्या मालमत्तेत माणसेही मोजलेली होती. स्वातंत्र्य कोणाचे आणि जमीन कोणाची, हे दोन प्रश्न परस्परांपासून तोडता येत नाहीत, असे हा इतिहास सांगतो. जेम्स यांच्या ग्रंथाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर समर्थपणे दिले. दुसरा प्रश्न त्यांनी मोईझच्या रूपाने उपस्थित केला आणि अपुरा सोडला. म्हणून हा ग्रंथ वर्गात नेताना तूसाँच्या गौरवापाशी न थांबता मोईझच्या मृत्युदंडापर्यंत जाणे आवश्यक आहे, असे वाटते.