पाकिस्तानातील उर्दू व पुश्तू चित्रपट (१९४८ ते १९७९) : समीक्षेच्या निकषांचा पुनर्विचार

प्रस्तावना :
१९४८ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'तेरी याद' या चित्रपटापासून पाकिस्तानी चित्रपटाचा इतिहास मोजला जातो. या इतिहासात उर्दू चित्रपटाला 'राष्ट्रीय' व पुश्तू चित्रपटाला 'प्रादेशिक' म्हणण्याचा प्रघात आहे. पहिल्याच्या वाट्याला अभिरुची आणि दुसऱ्याच्या वाट्याला केवळ गर्दी, असा निवाडाही त्यात गृहीत असतो. प्रस्तुत लेखात या विभागणीची तपासणी केली आहे.

उर्दू चित्रपटाचे राष्ट्रीयत्व :
उर्दू ही पाकिस्तानातील अल्पसंख्य लोकांची मातृभाषा होय. त्यामुळे उर्दू चित्रपट प्रारंभापासूनच इतर भाषिकांच्या सहभागावर उभा राहिला. ए. जे. कारदार यांचा 'जागो हुआ सवेरा' (१९५९) पूर्व बंगालमधील कोळ्यांच्या जीवनावर आधारलेला असून त्याच्या लेखनात फैज अहमद फैज यांचा वाटा होता. कराचीत निर्माण झालेल्या परवेज मलिक दिग्दर्शित 'अरमान' (१९६६) या चित्रपटाने ७५ आठवड्यांचा टप्पा गाठला व वहीद मुराद नागर मध्यमवर्गाचा आदर्श नायक ठरला.

या दृष्टीने 'आईना' (१९७७) विशेष उद्बोधक आहे. श्रीमंत घरातील मुलगी व हॉटेलात नोकरी करणारा तरुण यांच्या विवाहाची ही कथा कराचीत ४०० हून अधिक आठवडे चालली. तिचे दिग्दर्शक नजरुल इस्लाम, नायिका शबनम व संगीतकार रॉबिन घोष हे तिघेही ढाक्याच्या चित्रसृष्टीत घडलेले होते. नायक नदीमचे पदार्पणही ढाक्यात तयार झालेल्या 'चकोरी' (१९६७) मधून झाले होते. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तान वेगळा झाल्यानंतर सहा वर्षांनी पाकिस्तानचा सर्वाधिक लोकप्रिय उर्दू चित्रपट ढाक्यात घडलेल्या कलावंतांनी दिला. राष्ट्रीय म्हणविणाऱ्या परंपरेने हे ऋण क्वचितच मान्य केले.

पुश्तू चित्रपटाचे स्वरूप :
पुश्तू चित्रपटाचा आरंभ पेशावरमध्ये झालेला नाही. १९४० च्या दशकाच्या प्रारंभी रफीक गझनवी यांनी मुंबईत पुश्तू 'लैला मजनू' निर्माण केला. पाकिस्तानातील पहिला पुश्तू चित्रपट 'यूसुफ खान शेरबानो' मात्र १९७० मध्ये प्रदर्शित झाला. पुश्तू चित्रपटांची निर्मितीही पुढे मुख्यतः लाहोर व कराचीच्या स्टुडिओंतच होत राहिली.

'यूसुफ खान शेरबानो'चा नायक बदर मुनीर याने कराचीत रिक्षा चालविली होती व स्टुडिओत किरकोळ कामे केली होती. पोटासाठी डोंगराळ मुलूख सोडून कराचीत आलेल्या पठाण श्रमिकाचेच हे चरित्र आहे. लोककथेतील शिकारी यूसुफ खान या श्रमिकाला पडद्यावर आपल्या बोलीत भेटला. 'अरमान'चा नायक मध्यमवर्गाची आकांक्षा व्यक्त करतो, तर पुश्तू नायक मागे राहिलेल्या गावाची स्मृती जागवितो. दोन्ही एकाच शहराच्या गरजा होत्या. म्हणून एकाच्या निकषाने दुसऱ्याला कमी लेखणे न्याय्य ठरत नाही.

मर्यादा :
याचा अर्थ पुश्तू चित्रपट दोषमुक्त होता असा नव्हे. सूड व इभ्रत यांच्या चौकटीत स्त्रीपात्र बहुधा कुलाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह एवढेच उरले. पुढील काळात हिंसा व उत्तान नृत्ये यांचे प्राबल्य वाढले. परंतु 'आईना'तही कौटुंबिक सलोख्याचे ओझे अखेर नायिकेवरच येते. दोष समान असता केवळ भाषेवरून शिक्षा वेगळी देणे, ही समीक्षेची उणीव होय.

निष्कर्ष :
हा प्रश्न केवळ प्रतवारीचा नाही. 'जागो हुआ सवेरा' कलाकृती मानला गेला, म्हणून त्याचे पुनरुज्जीवन होऊन २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखविला गेला. जे चित्रपट समीक्षेने 'गर्दीचे' म्हणून बाजूला सारले, त्यांच्या प्रती जपण्याचे कारणच उरत नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये पेशावरच्या दोन चित्रपटगृहांवर प्राणघातक हल्ले झाले. प्रेक्षागृहेच असुरक्षित झाली असता उपेक्षेने होणारी हानी अधिक गंभीर ठरते. श्रमिकांच्या करमणुकीचा इतिहास टिकवावयाचा असेल, तर पुश्तू चित्रपटाचे मूल्यमापन त्याच्या प्रेक्षकाच्या संदर्भात होणे अगत्याचे आहे.