दारिद्र्य हे गुरू नव्हे

थोर कलावंतांची चरित्रे वाचताना आपल्याकडील सुशिक्षित वाचकांस एक सिद्धांत फार प्रिय असतो. तो असा की, हालअपेष्टांच्या आगीतूनच कलेचे सोने निघते. जॅझ संगीतातील अग्रगण्य वादक लुई आर्मस्ट्राँग याचे 'सॅचमो : माय लाइफ इन न्यू ऑर्लिन्स' हे आत्मचरित्र १९५४ साली प्रसिद्ध झाले, त्यास तर हा सिद्धांत सहज लावता येण्यासारखा आहे. आम्हांस मात्र तो मान्य नाही, आणि त्याच्या खंडनाचा पुरावा याच ग्रंथात आहे.

न्यू ऑर्लिन्समधील अत्यंत दरिद्री वस्तीत हे बालपण गेले. बापाने कुटुंब टाकलेले; पहिली काही वर्षे आजीपाशी, पुढे आईपाशी. कार्नोफ्स्की नावाच्या ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या गाडीवर हा पोर काम करी व पत्र्याचे शिंग फुंकून लोकांचे लक्ष वेधी. १९१२ सालच्या अखेरच्या रात्री त्याने भर रस्त्यात पिस्तुलाचा बार काढला, आणि त्याची रवानगी कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात झाली.

शिक्षा झाली म्हणूनच जगास हा वादक लाभला, असे येथे कोणी म्हणेल. परंतु सुधारगृहातील बँडचा शिक्षक पीटर डेव्हिस प्रथम या मुलाकडे संशयानेच पाहतो. पुढे तो त्याच्या हाती आधी खंजिरी, मग आल्टो हॉर्न, मग बिगुल व शेवटी कॉर्नेट देतो, आणि त्यास बँडचा नायक करतो. मुलगा घडला तो कोंडल्यामुळे नव्हे, तर एका शिक्षकाने आपला पूर्वग्रह टाकल्यामुळे. १९१४ साली सुटल्यावर पुन्हा कोळशाची गाडी नशिबी आलीच. तीतून त्यास वर काढले ते जो ऑलिव्हर याने दिलेल्या विद्येने, आणि मिसिसिपी नदीवरील बोटींच्या वाद्यवृंदात स्वरलिपी वाचण्यास शिकविणाऱ्या सहकाऱ्यांनी. त्याच भुकेत वाढलेली इतर मुले थोडी नव्हती. दारिद्र्य गुरू असते, तर ती सारीच वादक व्हावयास हवी होती.

ग्रंथाचा मोठा गुण म्हणजे त्यात आत्मकरुणेचा लवलेश नाही. मात्र हाच प्रसन्नपणा कधी कधी त्याचा दोषही ठरतो. वर्णभेदाची जी व्यवस्था या मुलाभोवती होती, तिचा जाच वाचकांस बहुधा विनोदाच्या आडूनच पाहावा लागतो. शिवाय लेखक आपला जन्म ४ जुलै १९०० चा सांगतो. त्याच्या मृत्यूनंतर सापडलेल्या चर्चच्या नोंदीत तो ४ ऑगस्ट १९०१ आहे. ज्या घरात जन्माची तिथी लिहून ठेवण्याची सोय नव्हती, तेथील माणसास आम्ही या चुकीबद्दल दोष देणार नाही. तथापि या ग्रंथातील सत्य सनावळीत न शोधता माणसांच्या चित्रणात शोधावे, हे उत्तम.

१९२२ साली ऑलिव्हरच्या बोलावण्यावरून तो शिकागोस जातो, तेथे ग्रंथ संपतो. पुढील हकीकत ध्वनिमुद्रिकांनी सांगावयाची. १९२३ च्या मुद्रिकांत तो गुरूच्या पाठीशी दुसरा कॉर्नेट वाजवितो. १९२४ साली पत्नी लिल हार्डिन हिच्या आग्रहाने तो गुरूपासून वेगळा होतो. आणि नोव्हेंबर १९२५ पासूनच्या 'हॉट फाइव्ह'च्या मुद्रिकांत त्याचा स्वतःचा सूर निर्विवाद ऐकू येतो. गुरूचा हात धरणे जितके आवश्यक, तितकेच तो वेळेवर सोडणेही, हे येथे कानांनी पटते.

आमच्या मते या पुस्तकाचा खरा विषय हालअपेष्टा हा नसून मिळालेली मदत हा आहे. सुखवस्तू घरांत बसून दुसऱ्याच्या दारिद्र्याची थोरवी गाणे सोपे असते. कारण मग त्याच्या मुलाच्या हाती वाद्य देण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही. वाचकांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा, आणि पीटर डेव्हिसविषयीची पाने दोनदा वाचावीत.