लौकिक आणि प्रतिष्ठा : सरकारी व खाजगी महाविद्यालयांच्या तुलनेची चिकित्सा

१

सरकारी महाविद्यालय श्रेष्ठ की खाजगी, हा वाद महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून चालत आला आहे. वाद जुना असला तरी त्याचे उत्तर मात्र एक राहिलेले नाही. १८८० साली पुण्यात ‘कॉलेज’ म्हटले की सरकारी डेक्कन कॉलेजच डोळ्यांपुढे येई. १९३० च्या सुमारास पुण्यातील उच्च शिक्षणाचा विचार फर्ग्युसन आणि सर परशुरामभाऊ या खाजगी महाविद्यालयांना वगळून करणे अशक्य झाले होते. आज अभियांत्रिकी किंवा वैद्यक शिकू इच्छिणारा विद्यार्थी पसंतीक्रम भरताना बहुधा सरकारी महाविद्यालयांची नावे वर लिहितो. एकाच प्रदेशात प्रतिष्ठेचा काटा असा दोनदा फिरला असेल, तर प्रतिष्ठेचे कारण ‘सरकारी’ व ‘खाजगी’ या विशेषणांत शोधणे युक्त नव्हे, हे उघड आहे.

या वादात दोन भिन्न कल्पनांची नेहमी सरमिसळ होते. लौकिक म्हणजे संस्थेला जवळून पाहणाऱ्यांच्या अनुभवातून निर्माण होणारी कीर्ती. ती वर्गातून, ग्रंथालयातून, प्रयोगशाळेतून बाहेर पडते व हळूहळू पसरते. प्रतिष्ठा म्हणजे संस्थेला दुरून पाहणाऱ्यांनी दिलेले स्थान. ते सत्ता, दुर्मिळता, इमारत, पुढे मिळणारी नोकरी अशा अनेक गोष्टींवर अवलंबून असते. लौकिकाशिवाय प्रतिष्ठा काही काळ टिकू शकते आणि प्रतिष्ठेशिवाय लौकिकही नांदू शकतो. हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे गेल्या दीडशे वर्षांतील पालटाची संगती लागू लागते.

२

मुंबई इलाख्यातील पहिली मोठी महाविद्यालये सरकारच्या आश्रयाने वाढली. १८२१ साली पुण्यात स्थापन झालेल्या संस्कृत पाठशाळेतून पुढे पूना कॉलेज व १८६४ साली डेक्कन कॉलेज हे नाव आले. १८६८ साली ते सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या साहाय्याने येरवड्याजवळ उभारलेल्या भव्य वास्तूत गेले. मुंबईत एल्फिन्स्टन, ग्रँट मेडिकल कॉलेज (१८४५) व गव्हर्नमेंट लॉ कॉलेज (१८५५) यांचे स्थान असेच निर्विवाद होते. रानडे, भांडारकर व दादाभाई नौरोजी ही नावे एल्फिन्स्टनच्या परंपरेतील आहेत. त्या काळी मुंबईत विल्सन व सेंट झेवियर्स ही मिशनरी महाविद्यालयेही होती, म्हणजे खाजगी प्रयत्न अगदीच अज्ञात होता असे नाही. परंतु पदवीचा उपयोग मुख्यतः सरकारी नोकरीसाठी असल्यामुळे, नोकरी देणारा आणि शिक्षण देणारा हात एकच असणे ही गोष्ट प्रतिष्ठेला पोषक ठरली.

ही प्रतिष्ठा निर्मळ मात्र नव्हती. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतचे हंगामी प्राध्यापकपद सांभाळले असतानाही १८७३ साली ती जागा पीटर पीटरसन यांना मिळाली. पुढे भांडारकर डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले व त्यांच्या विद्वत्तेचा उजेड युरोपपर्यंत पोचला. परंतु सरकारी महाविद्यालयात गुणांहून वंशाला अधिक मोल आहे, हे सुशिक्षितांच्या ध्यानात यावयास ही घटना पुरेशी होती. ज्या संस्थेचा लौकिक भांडारकरांसारख्यांनी वाढविला, तिची प्रतिष्ठा त्यांना बरोबरीचे स्थान देण्यास तयार नव्हती. लौकिक आणि प्रतिष्ठा यांतील पहिला ठळक दुरावा येथे दिसतो.

३

या दुराव्यातच खाजगी महाविद्यालयाच्या उदयाची बीजे आहेत. १८८२ च्या हंटर आयोगाने उच्च शिक्षणातून सरकारने क्रमाक्रमाने अंग काढून घ्यावे व खाजगी प्रयत्नास अनुदानाने उत्तेजन द्यावे असा विचार मांडला. त्यामागे काटकसरीचा हेतू होता यात शंका नाही. पण पुण्यातील तरुणांनी त्या धोरणाला वेगळाच अर्थ प्राप्त करून दिला. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. टिळक आणि आगरकर हे दोघेही सरकारी डेक्कन कॉलेजचे पदवीधर होते, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. खाजगी महाविद्यालय हे सरकारी महाविद्यालयाचे अपत्य होते. त्याचे बंड आपल्या विद्यादात्रीच्या विद्येविरुद्ध नव्हते, तिच्या मालकाविरुद्ध होते.

सोसायटीच्या आजीव सभासदांनी दरमहा पंचाहत्तर रुपयांच्या वेतनावर काम करण्याचे व्रत घेतले. वामन शिवराम आपटे व त्यांच्यानंतर गोपाळ गणेश आगरकर हे प्राचार्य झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी आपल्या उमेदीची वर्षे तेथे अध्यापनात घालविली व १९०२ साली ते अल्पशा निवृत्तिवेतनावर बाहेर पडले. १८९९ साली केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सरकारी नोकरीतील मानमरातब सोडून फर्ग्युसनमध्ये आले आणि प्राचार्य झाले. या घटनांचा जनमनावर झालेला परिणाम कोणत्याही इमारतीने साधला नसता. ज्याला अधिक वेतन सहज मिळू शकत होते त्याने कमी वेतन पत्करले, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले. आणि तेथील विद्या विकाऊ नाही, अशी खात्री त्यांना पटली. खाजगी महाविद्यालयाची प्रतिष्ठा या ठिकाणी लौकिकातून उगवली.

या इतिहासाचे केवळ गुणगान करणे मात्र इष्ट नाही. त्यागाची ही व्यवस्था आतून सुखरूप नव्हती. आजीव सभासदांनी बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही, संस्थेला किती वेळ द्यावा, यांवरून मतभेद विकोपास गेले व १८९० च्या अखेरीस टिळक सोसायटीतून बाहेर पडले. त्याग हा संस्थेचा पाया असू शकतो. परंतु तो नियमावलीत उतरवू लागताच कोणी किती त्याग केला याचा हिशेब सुरू होतो, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

सरकारी प्रतिष्ठेचीही परीक्षा लवकरच झाली. १९३४ साली सरकारने काटकसरीसाठी डेक्कन कॉलेज बंद केले. ज्या संस्थेच्या नावावर एवढी कीर्ती जमा होती, तिला ती कीर्ती वाचवू शकली नाही. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९३९ साली ती संस्था पदव्युत्तर संशोधन संस्थेच्या स्वरूपात पुन्हा उघडली. पुढे ह. धी. सांकलिया यांचे पुरातत्त्व आणि इरावती कर्वे यांचे समाजशास्त्र यांमुळे तिला जो नवा लौकिक लाभला, तो जुन्या प्रतिष्ठेचा वारसा नव्हता. तो नव्याने कष्टाने मिळवावा लागला.

४

सरकारी व खाजगी या द्वंद्वात आणखी एक प्रश्न झाकला जातो : प्रतिष्ठा कोणाच्या दृष्टीने? फर्ग्युसनचा त्याग खरा होता. पण त्या त्यागाचे फळ ज्यांच्या पदरात पडले तो वर्ग प्राधान्याने शहरी व उच्चवर्णीय होता. याउलट सरकारी महाविद्यालय परकीय सत्तेचे असले तरी त्याच्या दारावर जातीच्या मंडळीचा पहारा नव्हता. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टनमधून पदवीधर झाले, सरकारी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले व १९३५ साली गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले.

तेवढ्यावरून सरकारी महाविद्यालय हाच वंचितांचा एकमेव आधार असा निष्कर्ष काढणेही बरोबर नाही. स्वतः आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज व १९५० साली औरंगाबादेत पुढे मिलिंद नावाने प्रसिद्ध झालेले महाविद्यालय उभे राहिले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेने १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि ‘कमवा व शिका’ या तत्त्वाने शेतकऱ्याच्या मुलाला पदवीपर्यंत नेले. ही महाविद्यालये कायद्याच्या भाषेत खाजगीच. मुंबई-पुण्याच्या प्रतिष्ठेच्या यादीत त्यांना वरचे स्थान मिळाले नसेल; परंतु ज्या घरात पहिला पदवीधर त्यांच्यामुळे झाला, त्या घरात त्यांच्याएवढे मोठे महाविद्यालय दुसरे नाही.

यांहून निराळे असे तिसरे प्रकारही आहेत. १९२६ साली सुरू झालेले सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय मुंबई महानगरपालिकेचे. सरकारी सेवेत नसलेल्या भारतीय अध्यापकांच्या हाती शिक्षण असावे, ही त्याच्या देणगीमागील अट. १८८७ चे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट हे विश्वस्त मंडळाचे. या संस्थांची प्रतिष्ठा वादातीत असूनही त्यांना सरकारी-खाजगी या दोन खणांपैकी एकातही नीट बसविता येत नाही.

५

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हापासून ‘खाजगी’ या शब्दाचा अर्थ मुळातून बदलला. त्यापूर्वीही सांगलीच्या वालचंद महाविद्यालयासारख्या खाजगी अभियांत्रिकी संस्था होत्या व त्यांचा लौकिक उत्तम होता. परंतु त्यांच्या खर्चाचा मोठा भाग शासन उचलत असे. नव्या व्यवस्थेत तो भार विद्यार्थ्यावर आला. फर्ग्युसनच्या काळात खाजगी म्हणजे अध्यापकाने आपल्या खिशाला खार लावून चालविलेले. १९८३ नंतर खाजगी म्हणजे पालकाने आपल्या खिशातून चालविलेले. एकाच शब्दाखाली दोन परस्परविरोधी व्यवहार आले.

या धोरणाचा लाभ झालाच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परप्रांतात देणगी देऊन शिकावयास जाणाऱ्या विद्यार्थ्यांची सोय घराजवळ झाली आणि तालुक्याच्या गावापर्यंत तंत्रशिक्षण पोचले. पण देणगीचा रोग इकडेही आला. १९८७ साली राज्याला देणगीबंदीचा कायदा करावा लागला. १९९२ चा मोहिनी जैन खटला, १९९३ चा उन्नीकृष्णन खटला, २००२ चा टी. एम. ए. पै खटला व २००५ चा इनामदार खटला यांतून सर्वोच्च न्यायालय शुल्क व प्रवेश यांची मर्यादा आखीत राहिले. नफेखोरी व देणगी निषिद्ध, पण वाजवी अधिशेष मान्य, अशी सीमारेषा त्यातून पुढे आली. शिक्षणसंस्थेची प्रतिष्ठा न्यायालयाच्या निवाड्यांतून मोजावी लागणे, हेच एक भाष्य आहे.

६

आज प्रतिष्ठेचे सर्वांत प्रचलित माप म्हणजे प्रवेशयादीतील शेवटचा गुणक्रमांक. हे माप कितपत विश्वसनीय आहे? सरकारी महाविद्यालयाचे शुल्क कमी, जागा थोड्या. म्हणून अधिक गुणांचे विद्यार्थी तेथे जातात. विद्यार्थी मुळातच चांगले, म्हणून निकाल चांगला. निकाल चांगला, म्हणून नोकरी देणारे तेथे येतात. ते येतात, म्हणून पुढील वर्षीचे चांगले विद्यार्थी पुन्हा तेथेच जातात. या चक्रात अध्यापनाचा वाटा किती, हे कोणीच विचारीत नाही. निवडीचे श्रेय शिकवणीला दिले जाते. अध्यापकांची पदे रिकामी असली, बदल्यांमुळे विभाग विस्कळीत झाला, तरी हे चक्र बराच काळ आपोआप फिरत राहते. उलट एखाद्या खाजगी महाविद्यालयात सामान्य गुणांचा विद्यार्थी घेऊन त्याला समर्थ अभियंता बनविणारा विभाग असेल, तर त्याचे मोल या मापात उमटत नाही.

२०१६ पासून प्रसिद्ध होणाऱ्या राष्ट्रीय क्रमवारीने अध्यापन-साधने, संशोधन, पदवी-फलित, सर्वसमावेशकता व जनमानसातील प्रतिमा अशी पाच अंगे मानली. अनेक अंगे विचारात घेतली, हे तिचे श्रेय. परंतु प्रतिमा हेही एक अंग मानल्यामुळे, जिला आधीच नाव आहे तिला नावाबद्दल पुन्हा गुण, असा पुनरुक्तीचा दोष तीत राहतो. शिवाय संस्थेने स्वतः पुरविलेल्या माहितीवर क्रमवारी फार अवलंबून असल्याने माहिती मांडण्याचे कौशल्य हाही एक गुण ठरण्याचा संभव असतो.

म्हणून तुलनेचा प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला पाहिजे. महाविद्यालय सरकारी की खाजगी हे विचारण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली : त्याचा खर्च कोण सोसतो? अध्यापक, समाज, की कर्ज काढणारा पालक? दुसरी : प्रवेश घेताना विद्यार्थी कोठे होता आणि बाहेर पडताना कोठे पोचला? तिसरी : तेथील अध्यापक कायमचा व निश्चिंत आहे काय? आज अनेक महाविद्यालयांत, सरकारी असोत वा खाजगी, तासिका तत्त्वावर मोजक्या मानधनात शिकविणारा पदव्युत्तर तरुण उभा आहे. पंचाहत्तर रुपयांवर राबणारा आजीव सभासद आणि हा तरुण वरवर सारखे दिसतात. परंतु पहिल्याने दारिद्र्य निवडले होते व संस्था त्याच्या मालकीची होती, दुसऱ्यावर ते लादलेले आहे व संस्थेत त्याला आवाज नाही. पहिल्याच्या त्यागातून लौकिक निर्माण झाला. दुसऱ्याच्या अगतिकतेतून तो कधीही निर्माण होणार नाही.

या तीन कसोट्या लावल्या तर काही सरकारी महाविद्यालयांची प्रतिष्ठा उसनी ठरेल, काही खाजगी महाविद्यालयांची विकत घेतलेली ठरेल, आणि आडगावच्या एखाद्या अल्पख्यात महाविद्यालयाचा लौकिक दोघांहून सरस निघेल. प्रतिष्ठा मागील पिढीने मिळवून ठेवलेली असू शकते. लौकिक मात्र प्रत्येक वर्षी, प्रत्येक वर्गात, नव्याने मिळवावा लागतो. डेक्कन कॉलेजच्या बंद झालेल्या आणि पुन्हा उघडलेल्या दारांनी हेच सांगितले आहे.