खरं आहे, पण वाचवत नाही

गेल्या दिवाळीपासून माझ्या टेबलावर अकरा आत्मचरित्रं येऊन पडली आहेत, परीक्षणासाठी. बहुतेक निवृत्तीनंतर लिहिलेली, निम्म्याहून अधिक पदरमोड करून छापलेली. झाडून सगळ्यांच्या मनोगतात एक वाक्य ठरलेलं: जे घडलं तेच लिहिलं, पदरचं काही घातलं नाही. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. बदल्यांच्या तारखा खऱ्या, सत्कारांचे फोटो खरे, साहेबांनी पाठ थोपटली तीही खरीच असणार. तरी चाळिसाव्या पानावर डोळा लागतो.

खरं सांगितलं की ते आपोआप वाचनीय होतं, ही समजूत आपल्याकडे कुठून आली कोण जाणे. बहुतेक खऱ्या गोष्टी कंटाळवाण्या असतात. सात-बाराचा उतारा घ्या, खरा असून तो तलाठ्याशिवाय कोणी आवडीने वाचत नाही.

मराठीत आत्मकथनाची परंपरा मात्र दांडगी आहे, आणि तिची सुरुवातीची पानं पाहिली तर गंमत वाटते. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 साली उत्तरेकडे निघाले ते बंड बघायला नव्हे. घरावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा बरी मिळेल, अशी वार्ता होती. पुढे झाशीला वेढा पडला तेव्हा हे आत अडकले. 'माझा प्रवास' मध्ये तोफा आहेत, लूट आहे, काल्पीच्या वाटेवर विहिरीशी भेटलेली धुळीने माखलेली, तहानलेली राणी आहे. पण तितक्याच लक्षपूर्वक मांडलेला दक्षिणेचा हिशेबही आहे, आणि जीव मुठीत धरून लपलेला भटजीही आहे. शौर्याचा आव कुठे नाही. हे पुस्तक 1907 साली छापताना चिं. वि. वैद्यांनी त्यावर हात फिरवला, काही गाळलं, काही बदललं. मूळ बाडाबरहुकूम मजकूर दत्तो वामन पोतदारांनी 1966 साली काढला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. वैद्यांचं मराठी सफाईदार आहे, पण मला तरी भटजींचाच आवाज हवासा वाटतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' चा पहिला भाग 1934 साली आला. त्यांच्या आजोबांना सत्तावनच्या धामधुमीनंतर फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या डोक्यात सोवळं शिरलं. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. धान्य, लाकूडफाटा समजू शकतो, पण मीठसुद्धा! आता हाच प्रसंग आजच्या एखाद्या लेखकाच्या हाती द्या. तो म्हणेल, वडील अत्यंत धार्मिक आणि शिस्तप्रिय होते. यातही खोटं काही नाही. पण पाण्यात विरघळत जाणारं मीठ गेलं, आणि त्या घरातल्या बायकांचे हाल, त्यावर पुन्हा लक्ष्मीबाईंचं हसू, सगळंच गेलं. नवऱ्याने 1895 साली ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हाची फरपट त्या लिहितात ती याच नजरेने. स्वतःची फजिती त्या सर्वांत आधी सांगतात. शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईचं हे पुस्तक आजही मराठी गद्याचा मानदंड आहे, यावर आपल्या पदवीधरांनी जरा विचार करावा.

हल्ली आत्मचरित्रांच्या बिघाडाचं खापर शब्दांकनावर फोडलं जातं. मला ते पटत नाही. हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' शब्दांकनच होतं, अरुण साधूंनी केलेलं. पण सांगणाऱ्या बाईने दारू, पुरुष, पळून जाणं यातलं काही झाकलं नव्हतं, आणि लिहिणाऱ्याने तिच्यावर शालही पांघरली नाही. आजचा शब्दांकनकार मात्र शाल बरोबरच घेऊन येतो.

1978 साली दया पवारांचं 'बलुतं' आलं आणि साऱ्या आत्मचरित्रांची इस्त्री मोडली. त्याची रचनाच पाहा: शिकलेला, पांढरपेशा झालेला दया पवार आणि त्याच्या आतला दगडू मारुती पवार, दोघे समोरासमोर. नावातला दगड लपवावासा वाटतो, ही शरमच पुस्तकाला चालवते. कावाखान्यातलं जगणं उघड्यावर मांडलं म्हणून घरचेही दुखावले. 'उपरा', 'अक्करमाशी', 'उचल्या' पाठोपाठ आली. फलटणच्या बेबी कांबळ्यांनी दुकानात बसून, नवऱ्यापासून लपवून लिहिलं. त्यांच्या पुस्तकाचं नाव 'जिणं आमुचं'. 'माझं' नाही, 'आमुचं'. या एका सर्वनामावर लिहायचं तर वेगळा लेख होईल.

मग या आत्मकथनांचाही साचा झाला. भूक, शाळेबाहेरचं बसणं, वसतिगृह, नोकरी, शेवटी सत्कार. प्रसंग खरेच, दुःख खरंच, पण वाचकाला पुढचं पान आधीच ठाऊक. दोष लिहिणाऱ्यांपेक्षा आमच्यासारख्यांचा जास्त. दुसऱ्याची उपासमार आम्ही चवीने वाचली आणि तेवढीच पुन्हा पुन्हा मागितली. उर्मिला पवारांच्या 'आयदान'ने 2003 साली हा साचा थोडा हलवला, कारण त्यांनी चळवळीतल्या आपल्याच घरातल्या पुरुषांकडेही बोट दाखवलं. त्याआधी 1990 साली सुनीता देशपांड्यांनी 'आहे मनोहर तरी' लिहून अवघ्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाशी केलेल्या संसाराचा हिशेब मांडला होता. वाचक चिडले, पण पुस्तक खाली ठेवलं नाही.

या सगळ्यांत मला एकच समान गोष्ट दिसते. सांगणाऱ्याला सांगताना काहीतरी गमवावं लागलं आहे, नातं, अब्रू, निदान स्वतःबद्दलचं बरं मत. आज येणाऱ्या पुस्तकांत कोणी काही गमावत नाही. उलट जमाखर्चात सगळी जमाच.

त्या अकरांतलं एक पुस्तक मात्र मनातून जात नाही. निवृत्त सरकारी अधिकाऱ्याचं, तीनशे पानांचं. नेमणुका, धरणं, मंत्र्यांचे दौरे. 1972 च्या दुष्काळाचं एक प्रकरण आहे: खडी फोडणारी माणसं, हजेरीपट, कामावर वाटली जाणारी सुकडी. त्यात मध्येच एक वाक्य येतं की त्या साली सुकडीचं एक पोतं आमच्याही घरी आलं होतं, मुलांना ती फार आवडायची. बस्स. पुढच्या ओळीत नवी बदली.

ते पोतं कोणी आणलं? यांनी परत का पाठवलं नाही? मुलं खात असताना हे कुठे बसले होते? अख्ख्या पुस्तकात मला जाणून घ्यायचं होतं ते एवढंच. न राहवून फोन केला. गृहस्थ सज्जन, परीक्षण येणार म्हणून खूश. मी म्हटलं, "काका, त्या पोत्यावर एक प्रकरण लिहा."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अहो, ते वाक्य पुढच्या आवृत्तीत काढायचं ठरलंय. मुलगा म्हणाला, कशाला?"