व्यवसायजन्य रोगांचे शिक्षण आणि गटारातला माणूस

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला व्यवसायजन्य रोगांचा विषय शिकवायला घेतला की पहिल्या दहा मिनिटांतच बर्नार्दिनो रामाझिनीचे नाव येते. इटलीतल्या मोदेनाचा हा वैद्य (१६३३-१७१४). कामगारांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. रोग्याला विचारावयाचे जे प्रश्न हिपोक्रेटिसपासून चालत आले होते त्यांत त्याने एकाची भर घातली : तुझा धंदा कोणता? एवढे सांगून शिकवणारे शिशाच्या विषबाधेकडे वळतात. हा माणूस या विषयाकडे वळला कशामुळे, हे क्वचितच सांगितले जाते.

ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. त्याच्या घरचा शौचकूप उपसायला एक माणूस आला होता आणि जिवाच्या आकांताने काम उरकत होता. रामाझिनीला कीव आली. एवढी घाई कशाला, सावकाश केलेस तर दमणार नाहीस, असे तो म्हणाला. त्या माणसाने खड्ड्यातून डोळे वर करून सांगितले की इथे चार तासांहून जास्त काढणे म्हणजे डोळे घालवणे आहे, आणि ज्याने हे काम केले नाही त्याला ते कळायचे नाही. तो वर आल्यावर रामाझिनीने त्याचे डोळे नीट पाहिले; ते लाल आणि धूसर झालेले होते. मग त्याने गावातल्या या कामाच्या इतर माणसांची विचारपूस केली, तेव्हा कित्येक जण आंधळे होऊन भीक मागताना आढळले. म्हणजे ज्याला या शास्त्राचा जनक म्हणतात त्याला शिकवणारा मैला उपसणारा माणूस होता. त्याचे नाव कोणी लिहून ठेवले नाही.

आज आपल्या देशात डॉक्टर आणि परिचारिकांना या विषयाचे जे शिक्षण मिळते त्यात हा माणूस कुठे आहे, एवढेच मला तपासायचे आहे. मी डॉक्टर नव्हे, भाषा शिकवणारा माणूस आहे. पण अभ्यासक्रम नावाची वस्तू काय असते हे मला धंद्यानेच कळते. तिच्यात काय घातले यापेक्षा काय वगळले हे वाचायची सवय आपल्या साहित्याने आपल्याला लावली आहे. ती सवय मराठीच्या पाठ्यपुस्तकापाशी थांबायचे कारण नाही.

२०१९ साली एम. बी. बी. एस. साठी देशभर जो नवा अभ्यासक्रम लागू झाला त्यात समाजवैद्यकाच्या अकराव्या विभागात या विषयाला पाच कलमे मिळाली होती. व्यवसायामुळे होणाऱ्या, शेतीतल्यासुद्धा, आजारांची लक्षणे. राज्य कामगार विमा योजनेचे काम. निरनिराळ्या व्यवसायांतले धोके आणि त्यांचा प्रतिबंध. शरीराला झेपेल अशी कामाची मांडणी. आणि पाचवे, आरोग्यक्षेत्रातल्या व्यावसायिकांना स्वतःला होणारे विकार. शेतीचा उल्लेख नावाने आहे आणि तो योग्यच आहे. डॉक्टरांनी स्वतःसाठीही एक कलम राखले. तेही योग्यच, सुई टोचून कावीळ होण्याचा धोका खोटा नाही. पण गटारात उतरणारा, रस्ता झाडणारा, कचऱ्याच्या गाडीमागे धावणारा, मेलेले जनावर ओढणारा हा सगळा समाज ‘निरनिराळ्या व्यवसायांत’ कुठेतरी दडला आहे. शिकवणाऱ्याला आठवला तर आठवला. परीक्षेत सिलिकोसिस येतो, शिसे येते, म्हणून विद्यार्थी सिलिकोसिस आणि शिसे पाठ करतो.

हे झाले सर्वसाधारण शिक्षण. विशेष प्रशिक्षणाची कथा वेगळी आहे आणि माझ्या मते अधिक बोलकी आहे. पदवीनंतर डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो, ए. एफ. आय. एच. या आद्याक्षरांनी तो ओळखला जातो आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेतही शिकवला जातो. धोकादायक प्रक्रिया चालणाऱ्या कारखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करायचे तर असे प्रशिक्षण लागते. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात जे झाले त्यानंतर, १९८७ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन या मागणीला जोर आला. म्हणजे विशेषज्ञ तयार झाला तो कारखान्यासाठी. त्याचा पगार मालक देतो, त्याच्यापुढे येणारा कामगार बहुधा कायम नोकरीतला असतो, आणि कामगाराच्या फुफ्फुसाचा फोटो मालकाच्या कपाटात राहतो. कारखान्याच्या फाटकाबाहेरचा माणूस या तज्ज्ञापुढे येतच नाही. तो येतो सरकारी दवाखान्याच्या रांगेत, जिथला डॉक्टर या विषयातले दोन प्रश्न लिहून पास झालेला असतो.

कायद्याने मात्र जबाबदारी या दुसऱ्या डॉक्टरवरही टाकली होती. १९४८ च्या कारखाने कायद्याचे ८९ वे कलम सांगत होते की परिशिष्टातल्या रोगाचा कारखाना कामगार कोणत्याही डॉक्टरकडे आला तर त्या डॉक्टरने मुख्य कारखाने निरीक्षकाला कळवले पाहिजे. न कळवल्यास हजार रुपयांपर्यंत दंड. आता तो कायदा जाऊन २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. रोग कळवण्याचे बंधन आणि रोगांचे परिशिष्ट तिच्यातही आहे. पण ओळखताच येत नसेल तर कळवणार काय? शिवाय ही संहिता साधारणपणे दहा कामगारांच्या आस्थापनेपासून सुरू होते. सोसायटीची मैल्याची टाकी साफ करायला कंत्राटदार तीन माणसे धाडतो.

इथे कोणी म्हणेल की विषारी वायू जात पाहत नाही. वैद्यकात जात कशाला आणता? वायू पाहत नाही हे खरे. पण वायूपुढे कोणाला उभे करायचे हे आधीच ठरलेले असते. मुंबईच्या कापडगिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. कांडी बदलली की सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्यातून काढावे लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावायला तयार नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला, तो मजुरीचा प्रश्न म्हणून, कारण विणकामात पैसा जास्त होता. वैद्यकाच्या बाजूने पाहिले तर एकाच धोट्याला अनेकांनी तोंड लावणे हा संसर्गाचा आणि तंतूंची धूळ छातीत जाण्याचा धोका. त्या धोक्याविरुद्ध कोणी तक्रार केली नाही. तक्रार झाली ती विटाळाची. औद्योगिक आरोग्याच्या तीन महिन्यांत धुळीचे कण किती सूक्ष्म असले म्हणजे फुफ्फुसाच्या तळाशी जातात हे शिकवतात. कोणत्या खात्यात कोणाला घालायचे हे कोण ठरवते, हाही त्याच पाठाचा भाग असायला हवा.

आकडे पाहू. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत गटारे आणि मैल्याच्या टाक्या साफ करताना ३७७ माणसे मेली. २०२४ साली सरकारनेच नोंदवलेल्या सुमारे ३८,००० गटार-टाकी कामगारांत ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे निघाले. हातमैलाबंदीचा एक कायदा १९९३ चा, दुसरा २०१३ चा. या मृत्यूंबद्दल दहा लाख रुपये द्या असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली.

आता डॉक्टरचे अज्ञान इथे कसे काम करते ते बघा. टाकीतला मुख्य मारेकरी हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडलेल्या अंड्याचा वास येतो हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. कामगाराला वाटते, वास गेला, वायू गेला, आणि तो आणखी खाली उतरतो. पाचशे-हजारच्या घरात गेल्यावर माणूस कोसळतो. हा वायू हवेहून जड, म्हणून तळाशी साठून राहतो. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. वर्तमानपत्रांत दोन-दोन, तीन-तीन मेल्याच्या बातम्या येतात त्या यामुळे. अशा वेळी कामगार दारू प्यायला होता म्हणून पडला असे मुकादम सांगतो, आणि ज्याला हा वायू नीट शिकवलेला नाही तो डॉक्टर ते केसपेपरवर लिहून घेतो. मृत्यूचे कारण ‘बुडून’ असे पडले तर बाईला तीस लाखांसाठी किती वर्षे खेटे घालावे लागतील याचा हिशेब वाचकाने करावा.

मेलेल्यांची निदान बातमी होते. जगणाऱ्यांचे आजार तर कुठेच नोंदले जात नाहीत. उंदराच्या मुतातून पाण्यात येणारा लेप्टोस्पायरोसिस गटार कामगारांचा जुना आजार आहे. ताप, पोटऱ्या ठणकणे, डोळे लाल, मग कावीळ. पावसाळ्यात मुंबईच्या दवाखान्यात असा माणूस आला आणि धंदा विचारला नाही तर त्याचे मलेरियाच्या गोळ्यांवर चार दिवस जातात, आणि या रोगात चार दिवस फार असतात. हाच प्रकार सिलिकोसिसचा. मध्य प्रदेशातले आदिवासी गुजरातेत गोध्र्याकडच्या गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले आणि फुफ्फुसात धूळ घेऊन परतले. अशा रोग्यांच्या हाती आपल्याकडे सर्रास क्षयाची कार्डे पडतात. त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना तीन-तीन लाख देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघेपर्यंत २०१६ साल उजाडले.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला केसपेपर भरताना दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहायला शिकवतात : कौटुंबिक इतिहास आणि व्यवसायाचा इतिहास. एकात आईबापांचे रोग, दुसऱ्यात स्वतःचे काम. लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. उपाशी घराला तिचा आधार आहे, तिला नाके मुरडणे मला शक्य नाही. पण डॉक्टरच्या नजरेने पाहा : आजा त्या कामात, बाप त्या कामात, दम लागून बाप गेला म्हणून मुलगा त्या कामात. दोन्ही रकान्यांत एकच मजकूर पडतो. ‘घराण्यात दमा आहे’ असे लिहून डॉक्टर मोकळा होतो.

परिचारिकांच्या शिक्षणात हा विषय समाजआरोग्य परिचर्येतल्या एका प्रकरणापुरता उरतो. वास्तविक इस्पितळात असो की वस्तीत, रोग्याजवळ जास्त वेळ काढते ती सिस्टर. बाईला घरी चूल कोणती, पाणी कुठून, नवरा रात्री कितीला येतो हे तिला कळते, डॉक्टरला नाही. तीन महिन्यांचे प्रशिक्षण कोणाला आधी द्यायचे असे मला विचारले तर मी महापालिकेच्या दवाखान्यातल्या सिस्टरला द्या म्हणेन. आणि तिच्याच वॉर्डातून सुरुवात करा म्हणेन. तिथे रक्ताचे बोळे उचलणारी मावशी आणि मैल्याचे भांडे नेणारा मामा असतो. नाते जोडून हाक मारायची आणि फाटके हातमोजे द्यायचे, ही इस्पितळाची रीत. अभ्यासक्रमाच्या पाचव्या कलमातल्या ‘व्यावसायिकां’त मावशी येते का? कावीळ-बी ची लस डॉक्टरला आणि सिस्टरला मिळाली तेव्हा कंत्राटातल्या मावशीला मिळाली होती का, हे प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयातल्या आपल्या विद्यार्थ्यांनी आपापल्या ठिकाणी विचारून पाहावे. राखीव जागेवर आत गेल्यावर करण्यासारखे हे एक काम आहे, आणि त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी त्या प्रश्नाकडे आलेच पाहिजे, कारण खरी अडचण तिथे आहे. रामाझिनीचा प्रश्न मोदेनात साधा होता. ‘तुझा धंदा कोणता?’ हे आपल्या मुलखात विचारले की ऐकणाऱ्याला ‘तुझी जात कोणती?’ असे ऐकू येते, आणि पुष्कळदा विचारणाऱ्याचाही तोच हेतू असतो. म्हणून गटारात उतरणारा माणूस डॉक्टरपुढे ‘मजुरी करतो’ म्हणतो, ‘बिगारी’ म्हणतो, ‘म्युन्सिपाल्टीत आहे’ म्हणतो. खरे सांगितले तर नाडी पाहणारा हात किंचित आखडतो हे त्याने पाहिलेले असते. कंत्राटी असेल तर मुकादमाच्या कानावर जाऊन खाडा पडेल हीही भीती. तो खोटे बोलत नाही, स्वतःला सांभाळतो. डॉक्टर ‘मजूर’ लिहितो आणि निदान तिथेच चुकते.

तेव्हा नुसता प्रश्न शिकवून भागणार नाही. तो कसा विचारायचा हे शिकवावे लागेल. ‘काय रे, काय करतोस?’ असा विचारला तर उत्तर मिळणार नाही. बाक पुढे ओढून, दार लोटून घेऊन, अहो-जाहो करून विचारावे लागेल. धंद्याचे नाव मागू नये. काल सकाळपासून हातांनी काय काय केलेत? पाण्यात उभे राहावे लागले का, पाणी कुठवर होते? पायाला चीर होती का? खाली उतरताना वास आला आणि मग जाणवेनासा झाला, असे झाले का? बरोबरच्या कोणाला भोवळ आली? अंगावरचे कपडे कुठे धुता, घरी की चौकीवर, आणि ते कोण धुते?