खांडववनातला सातवा

खांडववन जळाले तेव्हा त्यातून कोण वाचले, हे महाभारताने मोजून सांगितले आहे. तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिले. सहा जीव. भिलाईत आम्ही पाच जण गेले दीड वर्ष रविवारी दुपारी जो खेळ खेळतो, तो या यादीत एकाची भर घालून सुरू झाला: सातवाही एक निसटला, आणि व्यासांना तो दिसला नाही.

खेळ म्हणजे टेबलटॉप रोलप्लेइंग गेम. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक जण, त्याला गेममास्टर म्हणतात, जग उभे करतो; बाकीचे त्या जगातले एकेक पात्र होतात आणि आपण आता काय करतो ते बोलून सांगतात. जिथे यश-अपयश सांगता येत नाही तिथे फासा पडतो, बहुधा वीस बाजूंचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 मध्ये निघाला, तिथून हा प्रकार रूढ झाला. महिनोन्महिने चालणाऱ्या एका कथेला कॅम्पेन म्हणतात. आमच्या टेबलावर गेममास्टर मी. भाषा हिंदी आणि छत्तीसगढी, चिडल्यावर मराठी किंवा तेलुगू. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्यांना याचे काही वाटत नाही.

मला यात जो प्रश्न छळतो तो साहित्याचा आहे. जिथे पुराणातले सगळे खरेच घडले अशा पृथ्वीवर खेळणाऱ्याच्या हाती नेमके काय असावे?

सोपे उत्तर सगळ्यांना आधी सुचते: सगळेच असावे. कर्ण जिंकला तर? युधिष्ठिराने द्यूत नाकारले तर? या वृत्तीचे टोक 1980 च्या ‘डीटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात दिसते. त्यात इंद्र, अग्नी, यम यांना हिट पॉइंट्स दिलेले आहेत. म्हणजे किती मार बसला की देव पडेल, त्याचा आकडा. भाविकाला यात अपमान दिसेल. माझी तक्रार वेगळी आहे. आकडा ठरला की इंद्र पाऊस राहत नाही, मोठ्या अंगाचा माणूस होतो. खांडव विझवायला येतो तो मेघ असतो, आणि अर्जुनाचे बाण पावसाच्या धारा अडवत असतात. ते चित्र या पुस्तकाच्या हिशेबात मावत नाही.

ग्रेग स्टॅफर्डचा ‘पेंड्रॅगन’ (1985) याच्या उलट वाटेने जातो. खेळ आर्थर राजाच्या कथांवरचा, आणि आर्थर पडणार हे टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. सरदाराच्या पानावर बळाबरोबरच स्वभावाच्या तेरा जोड्या लिहिलेल्या असतात: दयाळू आणि क्रूर, विनम्र आणि गर्विष्ठ, अशा. एक बाजू चढली की दुसरी उतरते. कसोटीच्या वेळी फासा तलवारीवर पडतो तसा स्वभावावरही पडतो. राज्य तुमच्याने वाचायचे नाही. ते बुडताना तुम्ही कोण झालात एवढे तुमचे.

पण ही गोष्ट इंग्रजी पुस्तकातूनच शिकायला हवी असे नाही. ती भिलाईच्या आसपासच्या गावांत रात्र-रात्र गायली गेली आहे. पंडवानीत एक गायक किंवा गायिका महाभारत सांगते आणि शेजारी रागी बसतो. त्याला नुसता झीलकरी म्हटले तर त्याचे निम्मे काम सुटते. तो हुंकार देतो, ओळ उचलतो, श्रोत्यांच्या वतीने मध्येच विचारतो, कधी चिडवतो. वेदमती शैलीतले गायक बसून गातात आणि सबलसिंह चौहानांच्या हिंदी महाभारताचा आधार धरतात. झाडूराम देवांगन हे त्यातले मोठे नाव. कापालिक शैलीत गायक उभा राहतो आणि स्मरणातल्या, लोकांतल्या कथेवर विसंबतो. भिलाईजवळच्या गनियारीच्या तीजनबाईंनी ही उभी शैली धरली, बायकांनी बसूनच गावे असा रिवाज असताना. गायल्याबद्दल त्यांना समाजाबाहेर काढण्यात आले. पुढे त्यांनी भिलाईच्या कारखान्यात नोकरी केली, आणि 2019 मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होई, क्षणात अर्जुनाचे धनुष्य.

रागीने टोकले की कथा थांबते, वळते, फुगते. छत्तीसगढचा भीम शास्त्रातल्या भीमापेक्षा कितीतरी मोठा झाला तो असाच. पण दुःशासन त्याच्या हातून मरतोच, आणि रागीने कितीही प्रश्न विचारले तरी तो वाचत नाही. कापालिक शैली मोकळी आहे म्हणणाऱ्यांचे या ठिकाणाकडे दुर्लक्ष होते. तिचे स्वातंत्र्य शेवटाच्या अलीकडे आहे, आणि तिथे ते अफाट आहे.

आमच्या खेळात द्यूताचा दिवस आला तेव्हा हे तपासून पाहता आले. युधिष्ठिर हरेल, हे मी आधीच सांगून टाकले; शकुनीसाठी फासा पडला नाही. वस्त्रहरणाचा अभिनय करायचा नाही आणि द्रौपदी कोणी व्हायचे नाही, हेही आम्ही आधी ठरवले होते. तीजनबाई ते उभे करत; त्यांचा तो अधिकार आहे आणि त्यांची ती कला आहे. आम्ही घेतला तो प्रातिकामी, म्हणजे द्रौपदीला आणायला धाडलेला निरोप्या. मूळ कथेत हा बिचारा तिचा प्रश्न घेऊन भर सभेत परततो: राजा आधी कोणाला हरला, स्वतःला की मला? आमच्या एका खेळाडूचे पात्र त्या जागी उभे होते. प्रश्न पुरता उच्चारता येतो का, यासाठी त्याने फासा टाकला. पडले तीन.

कथेत प्रश्न विचारला जातोच. म्हणजे तो कोणीतरी विचारायलाच हवा होता. टेबलावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग जिचे पात्र सभेत दिवे लावणारी दासी होते, ती म्हणाली, ‘‘दादा, मी विचारते.’’ दासीने भर सभेत तोंड उघडल्याची किंमत काय, ते आम्ही पुढचे दोन रविवार खेळत होतो. घटना ठरलेली होती. तिचे मोल कोण भरणार ते ठरलेले नव्हते. शकुनी हरण्याच्या शक्यतेतून असे काही निघाले असते, असे मला वाटत नाही.

यावर सर्वात धारदार आक्षेप आमच्याच टेबलावरचा आहे. सातव्याची भूमिका करणारा मुलगा एकदा म्हणाला, ‘‘दादा, म्हणजे वन दर वेळी जळणार आणि आम्ही कसे पळालो एवढेच ठरवायचे?’’ भिलाईत हा प्रश्न नुसता पौराणिक राहत नाही. सोव्हिएत रशियाशी 1955 मध्ये करार झाला, 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटली, आणि आमचे रेखीव सेक्टर गावांच्या जमिनीवर उभे राहिले. खांडवाच्या राखेलगत मयाने सभा बांधली, ती वाखाणणाऱ्यांच्या ओळीत आम्हीही बसतो. दासीचे पात्र अगरिया आहे. कारखान्याच्या कितीतरी आधी या मुलखात लोखंड गाळणाऱ्या लोकांपैकी. तिला मयसभेत दिवे लावायचे काम मिळते, भट्टीचे नाही. हे तिने स्वतः ठरवले, मी नव्हे.

मराठीत या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत, आणि दोन्ही 1967 ची. ‘मृत्युंजय’मध्ये शिवाजी सावंतांनी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण यांना आपापल्या तोंडाने बोलू दिले. रचना जवळपास आमच्या टेबलासारखीच. पण सगळे आवाज अखेर कर्णालाच उजळ करतात, त्यामुळे हिशेब कोणाशीच होत नाही. ‘युगान्त’मध्ये इरावती कर्वे घटनेला हात लावत नाहीत. खांडवात कोण जळले, एवढे त्या निरखून पाहतात, आणि कृष्णार्जुनांविषयीचा आपला निवाडा हलतो. मी त्या मुलाला हेच सांगितले. त्याचे पुरते समाधान झाले नाही, आणि त्याचे म्हणणे मला अजून खोडून काढता आलेले नाही.

आता आम्ही जनमेजयाच्या सर्पसत्रापाशी आलो आहोत. यज्ञात नावे पुकारली जात आहेत, नाग येऊन आगीत पडत आहेत, आणि कर्मांच्या मधल्या वेळात वैशंपायन राजाला भारत सांगतो आहे. राजा मध्येमध्ये विचारतो, पुढे काय झाले, तो असे का वागला. कथा त्याच्या प्रश्नांवर चालते. रागीच तो, फक्त गादीवर बसलेला. आस्तिक येऊन सत्र थांबवेल, हे टेबलावर सर्वांना माहीत आहे. तो पोहोचेपर्यंत सातव्याच्या नातवाचे नाव पुकारले जाते का, त्यासाठी येत्या रविवारी फासा पडेल. मुलाने आणखी एक मागितले आहे: नाव आलेच, तर आगीत पडण्याआधी त्या नातवाला वैशंपायनाला एक प्रश्न विचारू द्यावा. प्रश्न कोणता, हे तो मला आधी सांगायला तयार नाही.