दोन पटांचा सांधा

पेटी उघडली की आधी पट बाहेर येतात. जाड पुठ्ठ्याचे, एका अंगाला निळा समुद्र आणि बाकी अंगभर आठ प्रदेश. आर. एरिक रॉइस यांनी रचलेला ‘स्पिरिट आयलंड’ हा सहकारी खेळ 2017 साली आला. त्याच्या मूळ पेटीत असे चार पट आहेत: ए, बी, सी आणि डी. जितके खेळणारे तितके पट जोडायचे. एकटे बसलात तर बेट आठ प्रदेशांचं, चौघं बसलात तर बत्तीस प्रदेशांचं. सगळे एकाच बाजूने खेळतात. आपण त्या बेटाच्या शक्ती, कोकणात ज्याला राखणदार म्हणतात त्याच्या जातकुळीतल्या. बेटावर दाहान नावाची माणसं आधीपासून राहतात, आणि युरोपातून आलेले आक्रमक किनाऱ्यावर उतरून आत सरकत असतात. दाहानांच्या सोंगट्या लाकडी, आक्रमकांच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या. न बघता उचलली तरी सोंगटी कुणाची ते बोटांना कळतं.

या खेळाचं कौतुक करणारे बहुतेक जण शक्तींबद्दल बोलतात आणि त्यांच्या पत्त्यांबद्दल बोलतात. ते कौतुक रास्तच आहे. मला मात्र खेळाची खरी गोडी पट मांडताना लागते. सारीपाट मांडायचा म्हणजे कापड अंथरायचं. त्याच्या चार पट्ट्या आणि मधलं घर आधीच शिवलेलं असतं. इथे शिवण आपल्याला घालावी लागते, आणि पुढचा सगळा डाव त्या शिवणीवर तोलला जातो.

आधी एकच पट निवांत बघा. प्रदेशांचे प्रकार चार: डोंगर, जंगल, वाळू आणि दलदल. प्रत्येक पटावर प्रत्येक प्रकार बरोबर दोनदा येतो. 1, 2 आणि 3 हे आकडे किनाऱ्यावर, पुढचे आत. आक्रमक कुठे हालचाल करणार ते सांगणारा पत्ता उलटला आणि त्यावर जंगल निघालं, की प्रत्येक पटावर दोनच प्रदेश हलतात. कुणावर जास्त भार नाही, कुणाला सूट नाही. वृत्तात मात्रा ठरलेल्या असतात, पण यती कुठे पडतो त्यावर ओळीची चाल बदलते, तसं हे आहे. चारही पटांच्या मात्रा एक, चाल वेगळी.

ही चाल किनाऱ्यावर ऐकू येते. किनाऱ्याचे प्रदेश तीन आणि प्रकार चार, म्हणजे प्रत्येक पटाच्या किनाऱ्यावर एक तरी प्रकार गैरहजर राहणारच. ए पटाच्या किनाऱ्यावर डोंगर, दलदल आणि जंगल आहे, वाळू नाही. डी पटाच्या किनाऱ्यावर दलदल, जंगल आणि पुन्हा दलदल. आता शोधाचा नियम बघा. पत्त्यावरच्या प्रकाराचा प्रदेश समुद्राला लागून असेल, किंवा त्यात अथवा शेजारी आक्रमकांचं गाव वा शहर असेल, तरच तिथे आक्रमकांचा नवा शोधक उतरतो. म्हणून डी पटावर दलदलीचा पत्ता निघाला की दोन शोधक उतरणारच; समुद्राचं दार बंद करता येत नाही. ए पटावरची वाळू मात्र दोन्हीकडे आत आहे, 4 आणि 7 मध्ये. आजूबाजूची गावं आणि शहरं वेळेत मोडलीत, तर वाळूचा पत्ता येऊन तसाच निघून जातो. पटावर एकही सोंगटी ठेवण्याआधी एवढं सगळं छापलेल्या रंगांत लिहिलेलं असतं.

शक्तींच्या सुरुवातीच्या जागा सांगण्याची रीतही फार सुंदर आहे. ‘रिव्हर सर्जेस इन सनलाइट’ ही नदी. तिची पहिली सोंगटी आपल्या पटावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या दलदलीत ठेवायची, एवढंच सांगितलेलं आहे. ए पटावर ती दलदल 5 मध्ये, म्हणजे आत. सी पटावर 8 मध्ये, बेटाच्या अगदी पोटात. डी पटावर 3 मध्ये, थेट किनाऱ्यावर. शब्द तेच, पण एका पटावर नदी उगमाजवळ जागी होते आणि दुसऱ्यावर मुखाशी, जिथे शोधकांच्या होड्या लागतात. दलदलीतली तिची सोंगटी पवित्र स्थान, म्हणजे तिच्या जोराची जागा, धरली जाते, त्यामुळे डी पटावर तिचा जोर पहिल्या फेरीपासून किनाऱ्याशी असतो. मी नदी घेतली की डी पट मागतो, आणि तो मिळाला की मला फार बरं वाटतं.

आकड्यांची आणखी एक करामत आक्रमक राष्ट्र निवडल्यावर दिसते. ब्रँडनबर्ग-प्रशिया घेतलं, तर अवघडपणाच्या पहिल्या पातळीपासून मांडणीतच प्रत्येक पटावर 3 क्रमांकाच्या प्रदेशात एक जादा गाव ठेवायचं. चारही पट शेजारी ठेवून हे 3 बघा: ए वर जंगल, बी वर वाळू, सी वर डोंगर, डी वर दलदल. चौघं खेळत असाल तर एकाच वाक्याने चारही प्रकारांत गाव बसतं. कोणताही पत्ता येवो, कुठे तरी ते गाव उठणार. हा योगायोग आहे असं मला कधीच वाटलं नाही.

आणि मग सांधा. दोन पट कडेला कड लावून सरकवले की त्यांच्यातली रेष दिसायला उरते, नियमांतून मात्र ती पुसली जाते. पलीकडचा प्रदेश हा सरळ आपला शेजारी. मघाशी म्हटलं, ए पटावरची वाळू बंद करता येते. पण वाळूचा एखादा प्रदेश सांध्याला टेकलेला असेल आणि सांध्यापलीकडे शेजाऱ्याचं गाव उभं असेल, तर शोधक तिथून निघून माझ्या वाळूत येतो. त्या गावाला हात घालायला माझ्या शक्तीची पोच पुरत नसेल, तर मी शेजाऱ्याकडे बघायचं. सहकार्याचा उपदेश या खेळात कुठेही नाही. तो दोन पटांच्या कडांमध्ये कापून ठेवलेला आहे.

करप्याचंही तसंच. आक्रमकांनी केलेलं नुकसान दोन किंवा जास्त झालं की जमिनीला करपा लागतो. तिथे आधीच करपा असेल, तर तो एका शेजारच्या प्रदेशातही उतरतो, आणि कुठल्या ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं.

गेल्या दिवाळीत भाचीबरोबर बसलो होतो. माझ्याकडे ए, तिच्याकडे डी. माझ्या पटावर करपा वाहायची वेळ आली आणि आजूबाजूचे माझे सगळे प्रदेश आधीच करपलेले. कुठेही ढकलला तरी तिथून आणखी पुढे वाहणार. मी गप्प बसलो. तिने थोडा वेळ बेट न्याहाळलं आणि सांध्यापलीकडच्या आपल्या डोंगरावर बोट ठेवलं. “मामा, इकडे येऊ दे. हा अजून स्वच्छ आहे.” त्या डोंगरावर तिची स्वतःची सोंगटी होती, आणि करपा आला की तीही जाणार हे तिला ठाऊक होतं.

पटांची मागची बाजूही एकदा उलटून पाहावी. तिथे समान मात्रांचा हिशेब नाही. दिशांप्रमाणे जागा ठरलेलं एकच सलग बेट आहे. ते अधिक अवघड आहे, आणि बघायलाही देखणं आहे. पुढे 2020 मध्ये ‘जॅग्ड अर्थ’ या विस्तारात ई आणि एफ हे दोन पट आले आणि सहा जणांची सोय झाली. तरीही मी बहुतेक वेळा पुढच्याच बाजूकडे वळतो, कारण तिथे सांधा कुठे घालायचा याची चर्चा रंगते.

या वर्षी भाची आली तेव्हा मी पेटी तिच्याच हातात दिली. तिने डी पट माझ्यापुढे सरकवला, ए स्वतःकडे घेतला, आणि एकही सोंगटी न ठेवता दोन्ही कडा जुळवून किती तरी वेळ नुसती बघत राहिली.